जपानचा पहिला प्रवास: दिवस कसे आखावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेल्या नातेवाईकांच्या आणि ओळखीच्यांच्या याद्या माझ्याकडे येत असतात. बहुतेक याद्यांत ठिकाणं उत्तम निवडलेली असतात, फक्त दिवस कमी पडतात. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जपानसाठी किती दिवस पुरतात?

दिवस मोजण्याआधी रात्री मोजा. "दहा दिवसांची ट्रिप" म्हटलं तरी येण्याजाण्यातच दोन दिवस जातात आणि हातात आठ उरतात. मुक्काम किती रात्री आहे, त्यावरून खरा हिशोब लागतो. माझ्या मते पहिल्या खेपेला दहा ते बारा रात्री हव्यात. सातच रात्री मिळत असतील तर तोक्यो आणि क्योतो, एवढंच करा. त्यात हिरोशिमा, हाकोने, ओसाका कोंबू नका.

दुसरा हिशोब हॉटेल बदलण्याचा. हॉटेल बदललं की अर्धा दिवस गेलाच: बॅगा भरा, अकराच्या आत खोली सोडा, स्टेशन गाठा, नव्या गावात उतरा. नवी खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनला मिळते. बारा रात्रींत सहा हॉटेलं लावली तर अडीच दिवस सामान हलवण्यातच संपतात. एका शहरात किमान तीन रात्री, हा नियम धरून चला आणि तो मोडायचाच असेल तर फार तर तीनदा मोडा.

बारा रात्रींची वाटणी कशी करावी?

मी बहुतेकांना सुचवते ती अशी: तोक्यो ४, हाकोने १, क्योतो ४, हिरोशिमा १, ओसाका २.

यात विमानाची तिकिटं महत्त्वाची. जाताना तोक्योला उतरा आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून घ्या. तोक्योला परत जाऊन विमान पकडायचं ठरवलं, तर एक अख्खा दिवस आणि माणशी चौदा हजार येनच्या आसपासचं शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, भाडं निव्वळ मागे फिरण्यात जातं. जाण्यायेण्याचे विमानतळ वेगळे असलेलं तिकीट कधी कधी थोडं महाग दिसतं, पण वाचलेला दिवस आणि भाडं धरलं की ते स्वस्तच पडतं.

तोक्यो आणि क्योतोच्या मध्ये हाकोने टाकण्यामागे कारण आहे. चार दिवस महानगरात चालून पाय बोलायला लागतात. तिथून थेट क्योतोच्या देवळांच्या पायऱ्यांना भिडण्यापेक्षा एक रात्र डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी काढली की पुढचा आठवडा सुसह्य होतो. मात्र हाकोनेला रयोकान, म्हणजे पारंपरिक जपानी निवास, घेतलंत तर संध्याकाळी पाचच्या आत पोहोचा. जेवण ठरावीक वेळेला, बहुधा सहा-सातच्या सुमारास वाढतात. उशिरा पोहोचलेल्यांसाठी स्वयंपाकघर थांबत नाही आणि त्या मुक्कामाच्या दरात जेवणाचा वाटा मोठा असतो.

हाकोनेत फुजी दिसेलच असं धरू नका. हिवाळ्यातल्या सकाळी शक्यता चांगली, उन्हाळ्यात डोंगर बरेचदा ढगात असतो. डोंगरावर वेडीवाकडी चढणारी छोटी आगगाडी, ओवाकुदानीच्या गंधकाच्या वाफांवरून जाणारा रोपवे, आशी तलावातली बोट, यांतच दिवस भरून जातो. फुजी दिसला तर आनंदच.

पहिल्या दिवशी काय ठेवावं?

जवळजवळ काहीच नाही. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. अमेरिकेसारखा फरक हा नाही, पण रात्रीच्या विमानात झोप धड होत नाही आणि सकाळी आठला उतरलात तरी शरीराच्या लेखी तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. नारिता विमानतळ शहरापासून साधारण साठ किलोमीटरवर आहे. इमिग्रेशन, सामान, सिमकार्ड, गाडी हे सगळं होऊन हॉटेलात पोहोचेपर्यंत तीन तास सहज जातात. शहराजवळच्या हानेदा विमानतळावर उतरणारं विमान मिळालं तर यातला बराच वेळ वाचतो.

संध्याकाळी असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात जाऊन या. मुख्य गाभारा पाचला बंद होतो, पण आवार खुलं असतं, दिवे लागलेले असतात आणि दिवसाची गर्दी ओसरलेली असते. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. कंटाळा आला की परत फिरा. पहिल्या दिवशी तिकीट काढलेला कोणताही कार्यक्रम ठेवू नका, कारण विमान उशिरा आलं तर पैसे जातात आणि वेळेवर आलं तरी तुम्ही पेंगत असता.

एका दिवसात किती ठिकाणं बसतात?

मोठी दोन: एक सकाळी, एक दुपारनंतर. अधेमधे जे भेटेल ते. याद्यांत क्योतोच्या एका दिवसाखाली सात नावं दिसतात आणि नकाशावर ती शहराच्या चार टोकांना असतात, म्हणून क्योतोचंच उदाहरण घेऊ.

क्योतो दिशांनी वाटून घ्या. पूर्वेला कियोमिझुदेरा मंदिर, तिथून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या आणि गिओन ही जुनी वस्ती. पश्चिमेला अराशियामाचं बांबूचं बन आणि नदीकाठ. वायव्येला सोनेरी किंकाकुजी मंदिर आणि र्योआनजी मंदिरातली दगडांची बाग. दक्षिणेला फुशिमी इनारी मंदिर. एका दिवशी एकच दिशा. अराशियामाहून कियोमिझुदेरा गाठायला बस-गाडी बदलत तासभर जातो आणि क्योतोच्या बसमध्ये दुपारी उभं राहायलाही जागा नसते.

मग वेळेचा फायदा घ्या. कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. साडेसहाला वर पोहोचलात तर लाकडी सज्जावर मोजकी माणसं, समोर दरीतली झाडं आणि झाडूचा आवाज. दहा वाजता त्याच गल्लीत खांद्याला खांदा लागतो. फुशिमी इनारी तर चोवीस तास खुलं असतं, तिकीटही नाही. ते क्योतो स्टेशनपासून लोकल गाडीने पाच मिनिटांवर आहे आणि तोच मार्ग पुढे नारा शहराला जातो. म्हणून सकाळी सातला इनारी, दहाच्या गाडीने नारा, तिथे तोदाइजी मंदिरातला पंधरा मीटर उंचीचा बुद्ध आणि हरणं, दुपारी चारला परत, असा दिवस विनासायास बसतो. हेच इनारी दुपारी बाराला आणि नारा चारला ठेवलं तर दोन्हीकडे फक्त गर्दी पाहून याल.

किंकाकुजीसारखी बरीच ठिकाणं सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढीच खुली असतात. डिसेंबरात तोक्योला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे देवळं आणि बागा सकाळी, बाजार, दुकानं आणि खाणं अंधार पडल्यावर, असा क्रम लावा.

तोक्योचे चार दिवस कसे वापरायचे?

इथेही वाटणी करा. असाकुसा पहिल्या संध्याकाळीच होतं. मेइजी जिंगू मंदिर, हाराजुकू, शिबुया दुसऱ्या दिवशी. तिसरा दिवस घरच्यांच्या आवडीचा: कुणाला अकिहाबाराची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, कुणाला उएनोतली संग्रहालयं, कुणाला नुसती खरेदी. चौथ्या दिवशी कामाकुराला जाऊन या, तासाभराचा प्रवास आहे आणि तिथला ब्राँझचा बुद्ध उघड्या आकाशाखाली बसलेला आहे.

बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, उएनोतलं तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयसुद्धा. सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी बंद. वार बघूनच दिवस ठरवा.

मोबाइलवरचा नकाशा सांगेल त्या वेळेत, मोठं स्टेशन मधे येत असेल तर, वीस मिनिटं स्वतःहून मिळवा. शिंजुकू स्टेशनला बाहेर पडायचे दोनशेहून अधिक मार्ग आहेत. चुकीच्या दारातून बाहेर आलात तर हॉटेल समोर दिसतं आणि तिथवर जायला पंधरा मिनिटं लागतात.

हिरोशिमा क्योतोहून एका दिवसात होतं ना?

होतं. शिंकान्सेनने जाताना पावणेदोन तास, येताना तेवढेच. तरीही मी तिथे एक रात्र राहायला सांगते आणि हा आग्रह सोडत नाही.

शांतता स्मारक संग्रहालयात तीन वर्षांच्या एका मुलाची गंजलेली तीनचाकी सायकल ठेवलेली आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तो ती चालवत होता. वडिलांनी ती त्याच्यासोबत अंगणातच पुरली होती आणि पुढे अनेक वर्षांनी ती संग्रहालयाला दिली. अशा वस्तूंपुढून चालत तुम्ही बाहेर येता, तेव्हा लगेच धावत बोट पकडून मियाजिमा बेटावरच्या तोरीपुढे, म्हणजे मंदिराच्या कमानीपुढे, फोटो काढणं कुणालाही जमू नये. पण एका दिवसाच्या आखणीत नेमकं तेच करावं लागतं.

म्हणून दुपारी संग्रहालय, नंतर नदीकाठाने अणुबॉम्बनंतर उरलेल्या घुमटाच्या अवशेषापर्यंत चालणं, आणि संध्याकाळ रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी मियाजिमा. लोकल गाडी आणि मग दहा मिनिटांची बोट. तिथल्या तोरीला पाण्यातली पाहायची की ओहोटीला पायाशी जाऊन, हे भरती-ओहोटीवर ठरतं. त्या दिवसाचं वेळापत्रक आधी बघा आणि त्यावरून आधी संग्रहालय की आधी बेट, तेही बदलता येतं.

क्योतोहून हिरोशिमाला जाताना वाटेत हिमेजीचा किल्ला किंवा ओकायामा यांपैकी एकच थांबा घ्या आणि बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. पुणेकरांना मी ओकायामा सांगते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ज्या कोराकुएन बागेवरून केलं आहे ती तिथेच आहे, तीनशेहून अधिक वर्षांची.

जेआर पास घ्यावा का?

ठरावीक दिवस जेआर रेल्वेने हवं तितकं फिरू देणारा हा पास वर दिलेल्या आखणीत नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. तोक्यो ते क्योतो साधारण १४,००० आणि क्योतो ते हिरोशिमा साधारण ११,००० येन. हिरोशिमाहून ओसाकाला परतण्याचं भाडं धरलं तरी सुटी तिकिटं स्वस्त पडतात. जुने व्हिडिओ पाहून पास घेऊ नका. त्याहून वाईट म्हणजे पास वसूल करायला म्हणून आणखी गावं जोडणं. शहरातल्या गाड्या-बससाठी सुइका किंवा इकोकासारखं आधी पैसे भरून वापरायचं एक कार्ड पुरतं.

मोठ्या बॅगा घेऊन गाड्या बदलायच्या कशा?

बदलू नका, पाठवून द्या. हॉटेलच्या काउंटरवरून पुढच्या हॉटेलला बॅग पाठवण्याची सेवा जपानभर आहे, ताक्क्युबिन म्हणतात. मोठ्या बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन पडतात आणि ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. तोक्योहून बॅग थेट क्योतोला पाठवा, हाकोनेला पाठीवरच्या पिशवीत एका रात्रीचे कपडे आणि औषधं घेऊन जा. हाकोनेच्या चढावर चाकांची बॅग ओढताना पाहिलेल्यांना याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग असेल तर तोकाइदो-सान्यो शिंकान्सेनमध्ये त्यासाठी वेगळी जागा आधी आरक्षित करावी लागते. त्यापेक्षा बॅगच लहान न्या. बऱ्याच हॉटेलांत नाण्यावर चालणारं धुलाई यंत्र असतं. आठवड्याचे कपडे नेले की दोन आठवडे निघतात.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

दिवाळीच्या सुट्टीत. हवा छान, पाऊस कमी, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात क्योतोला पानं लाल होतात. पानांसाठी गर्दीही तितकीच येते, तेव्हा हॉटेल खूप आधी घ्या.

शाळेमुळे उन्हाळाच शक्य असेल तर २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपासचा गोल्डन वीक टाळा. तेव्हा सगळा जपान प्रवासाला निघतो. त्या दिवसांत, ऑगस्टच्या मध्यातल्या ओबोन सणात आणि वर्षअखेरीस नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकान्सेन गाड्यांत सगळ्या जागा आरक्षित असतात, आरक्षणाशिवाय बसायला जागा मिळत नाही. गोल्डन वीक संपल्यावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात जा, ते दिवस सुंदर असतात. जूनच्या पूर्वार्धात क्योतो-तोक्योकडे पावसाळा लागतो. चेरीच्या फुलांसाठी मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, पण बहर दरवर्षी पुढेमागे होतो. फक्त फुलांसाठी सगळा बेत बांधू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. त्याचा आखणीवर परिणाम होतो का?

होतो. बहुतेक याद्यांत हा विचारच नसतो. जपानी रश्शाचा पाया दाशी आणि तो बरेचदा सुकवलेल्या माशापासून करतात. दिसायला शाकाहारी उदोन (जाड शेवया) किंवा मिसो सूपही म्हणून चालत नाही. भूक लागल्यावर हॉटेल शोधायला निघालात तर एक-दीड तास जातो आणि सगळ्यांचा पारा चढतो. बरीच उपाहारगृहं दुपारी अडीच ते पाच बंद असतात, हे वेगळंच.

म्हणून प्रत्येक दिवशी दुपारी जिथे असाल तिथलं शाकाहारी जेवण मिळणारं एक ठिकाण आधीच नकाशात खूण करून ठेवा आणि साडेअकरा-बाराला जेवून घ्या. मोठ्या शहरांत भारतीय उपाहारगृहं आहेत. सकाळी लवकर निघताना कन्व्हिनियन्स स्टोअरमधला उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा त्रिकोण बरोबर घ्या. घरून ठेपले, खाकरा, चटण्या न्या. ताजी फळं-भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र बॅगेत नकोत.

एक खास सुचवणी. शाकाहारी कुटुंबांनी हाकोनेऐवजी कोयासान या मंदिरांच्या डोंगराचा विचार करावा. मग तोक्योहून थेट क्योतो, आणि कोयासानची रात्र शेवटी, ओसाकाहून. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून गाडी आणि केबल कार मिळून साधारण दोन तास. भिक्षू कूकाई यांनी ८१६ साली वसवलेल्या या डोंगरावर पन्नासएक मंदिरांत राहता येतं. जेवण मठातलं, मासळीविरहित. पहाटेच्या प्रार्थनेला बसता येतं. काही मंदिरांत आपल्याकडच्या होमाशी नातं सांगणारा अग्निविधीही होतो. हा भाग वाकायामा प्रांतातला, ज्याच्याशी महाराष्ट्राने २०१३ मध्ये सहकार्य करार केला. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, २०१५ मध्ये उभारलेला. इथेही संध्याकाळचं जेवण लवकर असतं, पाचच्या आत पोहोचा.

आई-बाबा सोबत आहेत. चालणं किती होतं?

बरंच. दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात आणि निम्मी स्टेशनांतच होतात. लिफ्ट असते, पण प्रत्येक दाराशी नाही. हॉटेलच्या बाजूचं लिफ्टचं दार कोणतं, ते आधी बघून ठेवा. हॉटेल स्टेशनपासून चालत पाच मिनिटांत हवं, खोली थोडी लहान चालेल.

दुपारी दीड ते साडेतीन खोलीवर परत या. ज्येष्ठांबरोबरच्या प्रवासात ही विश्रांती सगळ्यात कामाची ठरते. क्योतोत चार जणांनी टॅक्सी केली तर खर्च बसच्या फार वर जात नाही, आणि कियोमिझुदेराचा चढ निम्मा वाचतो. फुशिमी इनारीला डोंगरमाथा गाठायला हवाच असं नाही. खालच्या दाट तोरींमधून वीस मिनिटं चालून परत आलं तरी ते मन भरून पाहिलं जातं. आई-बाबांना "तुम्ही बसा, आम्ही येतो" असं रोज म्हणावं लागत असेल, तर आखणी त्यांच्यासाठी केलेलीच नाही.

आणि लहान मुलं?

मुलांचं ठिकाण सकाळी ठेवा, संध्याकाळचं आमिष म्हणून नको. उएनोचं प्राणिसंग्रहालय, क्योतोचं रेल्वे संग्रहालय, नाराची हरणं. देवळं सलग दोनच्या वर नकोत.

आधी काय आरक्षित करायचं, काय ऐनवेळी ठरवायचं?

हॉटेलं, हाकोने किंवा कोयासानचा मुक्काम आणि ठरावीक वेळेची तिकिटं आधी. तोक्योजवळच्या मिताकातल्या घिबली या ॲनिमेशन स्टुडिओच्या संग्रहालयाची तिकिटं पुढच्या महिन्यासाठी दर महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला खुली होतात. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, गजर लावा. शिबुया स्काय या इमारतीच्या गच्चीवरच्या सूर्यास्ताच्या वेळाही पटकन संपतात. अशी बांधील तिकिटं दोन दिवसांत एकापेक्षा जास्त नकोत, नाहीतर घड्याळ बघण्यातच दिवस जातो. बाकी सगळं आदल्या रात्री हवामान बघून ठरवा. त्यासाठी प्रत्येक शहरात पावसाचा एक दिवस मनात तयार ठेवा: तोक्योत संग्रहालयं, क्योतोत निशिकी बाजार, ओसाकात छताखालच्या बाजारपेठा.

एवढा खर्च करून जायचं आणि अर्धा दिवस मोकळा सोडायचा?

हो. दर तीन-चार दिवसांनी एक अर्धा दिवस आखणीत रिकामाच लिहा. राहून गेलेलं ठिकाण, कपडे धुणं, कुणाचं पोट बिघडणं, एखाद्या गल्लीत आवडलेली चिनी मातीच्या भांड्यांची दुकानं, या सगळ्याला तो लागतो. तो नसेल तर यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या ठिकाणाचा वेळ खाते आणि चिडचिड होते. क्योतोच्या चारपैकी तिसऱ्या दिवशीची दुपार मी नेहमी मोकळी ठेवायला सांगते, कारण प्रवासाचा शीण साधारण तेव्हाच अंगावर येतो. कामो नदीच्या काठावर बसून राहणं हेही क्योतो पाहणंच आहे.

व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम मागतात, तो कधी करायचा?

अर्जासोबत तारीख, ठिकाण आणि मुक्काम असा तक्ता द्यावा लागतो. म्हणूनच रात्रींची वाटणी आधी पक्की करा. तक्त्यात दिवसाला एक-दोन ठिकाणं लिहा, ती पुरतात. रद्द करता येणारी हॉटेलं घेतली तर नंतर बदल करणं सोपं जातं.

खरेदी कधी?

शेवटी, ओसाकात. आधी घेतलेली प्रत्येक वस्तू पुढच्या प्रत्येक गावी ओढावी लागते. दोन्ही रात्री नाम्बाजवळ राहा. दोतोनबोरी हा खाण्याखरेदीचा भाग चालत जाण्याइतका जवळ आहे आणि विमानतळाची गाडी तिथूनच सुटते, साधारण पाऊण तासात कान्साईला पोहोचवते. शेवटच्या सकाळी कार्यक्रम नको. बॅगेचं वजन आदल्या रात्रीच करा, जास्त भरलं तर शेजारच्या दुकानातून एक हलकी पिशवी घ्यायला वेळ मिळतो.